लाईन खराब हाय

तात्यांच्या डोक्यावर एक केस नव्हता, तरी टेलिफोनच्या बोर्डावर त्यांनी आरसा टांगला होता. वीतभर लांबीचा, हिरव्या प्लास्टिकच्या चौकटीचा, न्हाव्याच्या टपरीत असतो तसला. ऑफिसातले लोक चेष्टा करायचे. कोणी जाता जाता विचारायचं, तात्या, भांग नीट पडला का. तात्या टकलावरून हात फिरवून म्हणायचे, "पडला की. तुमच्यापरास सरळ हाय."

इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्याचं ते ऑफिस. मी तिथं झाडलोट करायची, पाणी भरायची. मूळची लासुर्ण्याची, चौथी शिकलेली. नवरा गेल्यावर कारखान्यानं मला लावून घेतलं होतं. तात्या माझ्या आधीपासून टेलिफोनच्या खोलीत होते. फोन जोडून देणंही त्यांच्याकडं आणि बिघडला तर दुरुस्त करणंही त्यांच्याकडंच. दुसऱ्या कुणाला ते त्या खोलीत उभं राहू द्यायचे नाहीत. मला द्यायचे, कारण झाडल्याशिवाय खोली राहणार नव्हती.

त्यांच्या घरात पूर्वी मेंढरं होती. वडील कळप घेऊन हिंडायचे. नंतर बावडा गावात थोडी जमीन झाली, भाऊ शेती बघू लागला आणि हे वायरमनचं काम शिकून कारखान्यात आले. फुल बाहीचा विटकरी स्वेटर एप्रिलमध्येही अंगात असायचा. बरोबर अकरा वाजता भाकरी खायची, मग समोर कोणी का उभं असेना. एखादा फोन बंद पडला की वायरचं टोक जिभेला लावायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "हिच्यात करंट हाय. फाल्ट तिकडं हाय." टेलिफोनच्या मशीनच्या कपाटावर पंजा टेकून उभे राहिले की आत कुठलं कार्ड काम करतंय आणि कुठलं नाही, हे त्यांना कळायचं. पुण्याहून कंपनीची माणसं मीटर घेऊन यायची आणि तासाभरानं तेच सांगायची.

तात्या फार मोठ्यानं बोलायचे. त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं, कारण तेव्हा फोनवर सगळेच ओरडायचे. मोबाईल यायचे होते. पुण्याला फोन लागला की मॅनेजर साहेबसुद्धा असे ओरडायचे, जणू खिडकीतूनच पुण्याला हाक मारतायत. त्यात तात्यांचं ओरडणं खपून जायचं. आणि त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. फोन उचलला की दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या वाक्याला ते म्हणायचेच, "जरा मोठ्यानं बोला, लाईन खराब हाय." रोजच्या रजिस्टरमध्येही ते तेच लिहायचे. तारीख, लाईन खराब, सही. अक्षर मोत्यासारखं. वर्षानुवर्षांची पानं तशी भरलेली होती.

दर शनिवारी तो आरसा पुसायचं काम माझं. एका शनिवारी मी तो उतरवून खिडकीशी नेला, पुसला, आणि पाण्याची घागर उचलायला वळले तर घागर हातातून निसटली. भरलेली स्टीलची घागर फरशीवर आदळली. हिशेबाच्या खोलीतले दोन कारकून काय झालं म्हणून धावत आले. तात्या माझ्यापासून चार हातांवर पाठमोरे बसले होते. त्यांची मानसुद्धा हलली नाही. पाणी वाहत त्यांच्या पायांपर्यंत गेलं तेव्हा त्यांनी खाली बघितलं, मग वळून माझ्याकडं. माझ्या तोंडाकडं बघताच त्यांना कळलं की मला कळलंय.

कारकून गेल्यावर ते म्हणाले, "एक कान थोडा चालतोय, आक्का. मागचं आरशात बघतो. कुणाला सांगू नका."

मी नाही सांगितलं. उगीच चांगुलपणा नको सांगायला, माझाही स्वार्थ होता. माझी लेक बारामतीला नर्सिंग शिकत होती, हॉस्टेलवर राहायची. दर सोमवारी दुपारी तात्या मला तिच्याशी फोनवर बोलू द्यायचे. हे नियमात बसत नव्हतं. मी रिसीव्हर कानाला लावून हवं ते बोलायची. लेकीला रागवायची, सासरच्या माणसांना शिव्या द्यायची, एकदा दोनदा रडलेही. तात्या समोर बसलेले असायचे, पण त्यांना कुठं ऐकू येतंय, म्हणून मला लाज वाटत नव्हती. मग एका मंगळवारी त्यांनी विचारलं, "लेकीचा ताप उतरला का? आन त्या जावंचं मनावर घेऊ नका." तेव्हा मला समजलं की ते ओठ वाचतात. वर्षभर मी जे काही बोलले ते सगळं त्यांच्याकडं जमा होतं. मला इतका राग आला की दोन सोमवार मी फोनच केला नाही. तिसऱ्या सोमवारी केला.

आता ऐकू न येणारा माणूस टेलिफोनच्या बोर्डावर कसा चालतो, ते सांगते. बोर्डावर चौसष्ट बारके दिवे होते, एकेका फोनचा एकेक. कारखान्यातल्या कारखान्यात थेट नंबर फिरवायची सोय होती, पण नंबर लक्षात कोण ठेवतो? सगळे तात्यांना फोन करायचे आणि अमक्याला द्या म्हणायचे. ज्यानं फोन केला त्याचा दिवा लागायचा. तात्यांना ऐकायची गरजच नसायची. सकाळी साडेनऊला गोडाऊनचा दिवा लागला की त्याला हिशेबाची खोली पाहिजे. अकराच्या सुमाराला शेतकी ऑफिसचा लागला की त्याला मॅनेजर. ते आपलं "देतो, देतो" म्हणायचे आणि बटण दाबायचे. दहातले नऊ बरोबर निघायचे. दहावा माणूस वैतागून पुन्हा फोन करायचा, आणि त्याला ऐकावं लागायचं की लाईन खराब हाय. बाहेरून येणारे फोन अवघड असायचे, त्यांना ते तीन तीनदा बोलायला लावायचे.

मला ते एकदा म्हणाले, "आमच्या बानं कवा मेंढरं मोजली न्हाईत. नुसतं बघायचा आन सांगायचा, काळ्या कानाची मागं राहिली. मोजणारा चुकतो, आक्का. बघणारा न्हाय चुकत."

मी म्हणाले, मेंढरू ओरडलं तर? ते माझ्या ओठांकडं बघत होते, तरी मी काही विचारलंच नाही असं त्यांनी दाखवलं.

एकदा मी त्यांना सरळ विचारलं, की हे काम सोडून दुसरं का मागत नाही. स्टोअरला बसा, वायरी दुरुस्त करा, कोण नाही म्हणणार आहे. ते म्हणाले, "हितं दिसभर माणसं माझ्याशी बोलत्यात. बावड्याला गेलो तर भाऊ बी बोलत न्हाय, त्येची पोरं बी बोलत न्हाईत. म्हणत्यात, म्हाताऱ्याला सांगून उपेग काय." ऐकू येत नव्हतं त्या माणसाला कुणीतरी बोलायला हवं होतं. दोन वर्षं नोकरी राहिली होती. तेवढी काढायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

मग तो गव्हाणीचा प्रकार घडला. गव्हाण म्हणजे कारखान्यात ऊस जिथं टाकतात आणि साखळीवरून आत ओढला जातो, ती जागा. हंगाम चालू होता. दुपारचा एक वाजला होता, मी टेलिफोनच्या खोलीत फरशी पुसत होते. गव्हाणीचा दिवा लागला. तात्यांनी रिसीव्हर उचलला. पलीकडचा माणूस ओरडत होता, आणि ते ओरडणं मला तीन हातांवरून ऐकू आलं. शब्द कळले नाहीत. तात्या शांतपणे म्हणाले, "देतो, देतो," आणि त्यांनी वजनकाट्याचं बटण दाबलं. रोज एकच्या सुमाराला गव्हाणीला काट्यावरून गाड्या किती राहिल्या ते विचारायचं असायचं.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मला वाटलं, फोनवर लोक ओरडतातच. मी फडकं पिळलं आणि पुढची फरशी पुसायला घेतली.

काट्यावरचा कारकून जेवायला गेला होता. तिकडं घंटा वाजत राहिली. गव्हाणीवर एका गड्याचा पाय साखळीत सापडला होता. साखळी थांबवली होती, पण त्याला बारामतीला न्यायला गाडी पाहिजे होती आणि गाडी ऑफिसातून सुटायची. शेवटी एक जण तिथून पळत ऑफिसात आला. दहा-बारा मिनिटं गेली असतील. त्या गड्याचं पाऊल वाचलं नाही. आधी नेलं असतं तर वाचलं असतं का, हे मला माहीत नाही. कुणालाच माहीत नसेल. पण ती दहा मिनिटं कुठं गेली ते आम्हा दोघांना माहीत होतं.

चौकशी झाली. मॅनेजर साहेबांनी तात्यांना विचारलं की गव्हाणीचा फोन काट्याला कसा गेला. तात्या म्हणाले, मशीननं चुकीच्या जागी दिला, मी किती वर्षं लिहितोय. आणि त्यांनी रजिस्टर पुढं सरकवलं. साहेबांनी पानं उलटली. लाईन खराब, लाईन खराब, लाईन खराब. त्यांना आपलीच चूक वाटली. एवढ्या तक्रारी असून आपण काही केलं नाही, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले आणि त्याच दिवशी त्यांनी कंपनीला पत्र धाडलं. उत्तर आलं की मशीन जुनं असलं तरी चांगलं आहे, फक्त त्याच्या प्रोसेसरचं सॉफ्टवेअर जुनं झालंय, ते बदलून देतो.

म्हणजे तात्यांच्या बहाण्यानंच ते काम कारखान्यात आणलं.

त्या आठवड्यात तात्यांची भाकरी तशीच परत जायची. मला त्यांनी दोनदा विचारलं, की नव्या सॉफ्टवेअरमध्ये दिवे राहतील का. मला काय माहीत? मी म्हणाले, तुम्हालाच माहीत असायला पाहिजे. ते म्हणाले, "कंपनीला फोन करून इचारलं असतं. पन सांगत्याल ते ऐकायचं कुणी?" पहिल्यांदाच त्यांनी ते माझ्यासमोर इतकं उघड म्हटलं. मी म्हणाले, मी ऐकते, तुम्हाला सांगते. त्यांनी नको म्हणून मान हलवली. त्यांना उत्तर नकोच होतं.

कंपनीच्या इंजिनीअर एक बाई निघाल्या. तिशीच्या असतील, हातात पेटी, बोलणं अगदी हळू. बारामतीच्या स्टँडवर जीप पाठवून त्यांना आणलं. तीन तास सगळे फोन बंद राहणार होते, म्हणून साहेबांनी गव्हाणीवर, बॉयलरवर आणि काट्यावर एकेक सायकलवाला उभा केला. त्या तीन तासांत व्हरांड्यात सायकलची घंटा वाजली की साहेब खुर्चीतून उठायचे. मीही झाडू हातात धरून उभी राहायची.

मॅडमनी कपाट उघडून एक मोठं कार्ड बाहेर काढलं. त्यावर गोमेसारखे दोन्ही बाजूंना पाय असलेले काळे तुकडे होते. त्या चिप. जुन्या त्यांनी चिमट्यानं उचकटून काढल्या आणि नव्या हलक्या हातानं दाबून बसवल्या. काम चालू असताना त्या बोलत होत्या, पण तोंड कपाटाकडं. तात्या त्यांच्या डाव्या बाजूला जायचे, वाकायचे, ओठ दिसले नाहीत की उजवीकडं जायचे. मॅडम सरकल्या की हेही सरकायचे. थोड्या वेळानं मॅडमनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "मावशी, हे सारखे माझ्या अंगाशी का येतात?"

मी म्हणाले, "त्यांना मशीनची काळजी हाय." खोटं बोलले.

चिप बदलल्यावर मशीनच्या आतली सगळी नोंद पुसली गेली. कुठला नंबर कुणाचा, बाहेर फोन लावायची परवानगी कुणाला, हे सगळं पुन्हा भरावं लागणार होतं. तात्यांनी आपली वही काढली आणि एकेक ओळ खणखणीत वाचून दाखवली. चौसष्ट नंबरांत एकही चूक नाही. मॅडम म्हणाल्या, "इतकी नीट यादी मी कुठंच बघितली नाही." हे त्यांनी वळून म्हटलं, म्हणून तात्यांना कळलं. आठवडाभरात मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा हसताना बघितलं.

दोन वाजता मशीन चालू झालं. बोर्डावरचे चौसष्ट दिवे एकदम पेटले आणि विझले. मग कोपऱ्यातला एकच दिवा लुकलुकायला लागला.

तात्यांनी विचारलं, "ह्यो कुणाचा?"

मॅडम म्हणाल्या, की आता एकेकाचा दिवा लागणार नाही. सगळे फोन रांगेनं या एकाच दिव्यावर येतील. ऑपरेटरनं फोन उचलायचा आणि कोण पाहिजे ते विचारायचं. चुकीच्या ठिकाणी फोन जाऊ नये म्हणूनच ही सुधारणा आहे. तात्या त्यांच्या ओठांकडं बघत राहिले. मग बोर्डाकडं बघितलं. त्या विझलेल्या दिव्यांवरून त्यांनी बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

साहेब म्हणाले, "उचला की, तात्या."

तात्यांनी उचलला. ऐकल्यासारखं केलं. मग म्हणाले, "जरा मोठ्यानं बोला, लाईन खराब हाय."

मॅडमनी दुसरा रिसीव्हर कानाला लावला. म्हणाल्या, लाईन स्वच्छ आहे, गव्हाणीवरून बोलतायत, साहेबांना चाचणीचा निरोप द्यायचाय. साहेबांनीही ऐकलं. त्यांनाही नीट ऐकू आलं. तात्या खाली बघत म्हणाले, "मला खरखर येतीया. मशीनच खराब हाय. मी कवापासून सांगतोय."

मॅडमचा चेहरा पडला. त्या म्हणाल्या, वीस वर्षं बोर्डावर बसलेला माणूस सांगतोय तर आपल्याला धोका घेता येणार नाही. सगळं कार्ड काढून पुण्याला नेते, तपासून तीन-चार दिवसांत पाठवते. साहेबांनी विचारलं, तोवर फोन? मॅडम म्हणाल्या, तोवर बंद. ऐन हंगामात, गव्हाणीवर फोन नाही, तीन-चार दिवस. मॅडमनी पेटी उघडली आणि चिमटा हातात घेतला. तात्या बोर्डाकडं वळून फडक्यानं तो पुसायला लागले. त्यांना ते चाललं असतं. ते कार्ड परतच आलं नसतं तरी त्यांना चाललं असतं.

मी दाराशी होते. मी तात्यांकडं पाठ केली आणि साहेबांना म्हणाले, "साहेब, मशीन चांगलं हाय. तात्यांना ऐकू येत न्हाय. लई वर्षं झाली. गव्हाणीचा फोन त्यांनीच काट्याला दिला हुता."

साहेबांना खरं वाटेना. आरशात दिसू नये म्हणून त्यांनी हातातली फाईल हळूच आरशापुढं धरली आणि तात्यांच्या मागं उभं राहून हाक मारली. "तात्या." मग मोठ्यानं, "तात्या." तात्या बोर्ड पुसतच होते. तिसऱ्या हाकेला मॅडमनीच साहेबांचा हात खाली केला. आरशात तिघं दिसल्यावर तात्या वळले. प्रत्येकाच्या तोंडाकडं बघून झालं. शेवटी माझ्या.

त्यांनी फडकं घडी करून ठेवलं, रजिस्टर बंद केलं, चपला घातल्या आणि गेले. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी बावड्याला माणूस पाठवला, स्टोअरला बसा म्हणून निरोप दिला. तात्या आले नाहीत. बोर्डावर बारामतीच्या एक बाई आल्या. त्या नियमानं वागायच्या, त्यामुळं माझे सोमवारही संपले. फोन चुकीच्या ठिकाणी जायचे थांबले. लाईन कधीच खराब नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात इंदापूरच्या स्टँडवर तात्या दिसले. बाकावर बसले होते, तोच स्वेटर. मला टाळता आलं असतं, पण त्यांनी मला आधी बघितलं. शेजारी जागा केली. लेकीचं विचारलं. मी सांगितलं, पास झाली, बारामतीलाच दवाखान्यात लागली.

ते म्हणाले, "तुमीच सांगितलं न्हवं?"

मी त्यांच्याकडं तोंड करून म्हणाले, "व्हय."

"बरं केलं. त्या गड्याचा पाय मला बी खातच हुता. माझ्यानं सांगवलं नसतं." मग म्हणाले, "पन पाठ का केली, आक्का? माझंच सांगत हुता न्हवं? माझ्या तोंडावर सांगायचं."

ऑफिसात माझ्या तोंडाला सगळे घाबरायचे. साहेबांनासुद्धा मी कधी मागं एक आणि पुढं एक बोलले नव्हते. त्या माणसाबद्दल मात्र मी त्याच्याकडं पाठ करून सांगितलं, आणि त्याला ओठ वाचता येऊ नयेत म्हणूनच पाठ केली होती, हे आम्ही दोघंही जाणून होतो.

तेवढ्यात बावड्याची गाडी लागली. लोक उठले, पिशव्या उचलायला लागले. मी गाडीकडं बघत म्हणाले, "चुकलं माझं."

तात्या गाडीत चढले, खिडकीशी बसले. तिथून त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि हातानं विचारलं, काय म्हणालात?

मी हातानंच सांगितलं, काही नाही.